कोमल धैवताची शिकवणी

गेल्या श्रावणातली गोष्ट. किला गेटापाशी, गूजरी महालाकडे जाणारा रस्ता जिथे चढू लागतो तिथून हाकेच्या अंतरावर माझी शिकवणीची खोली आहे. खोली म्हणजे काय, दोन सतरंज्या, चार पेट्या, एक तंबोरा आणि कोपऱ्यात एक जुनी पायपेटी. दुपारी पावसाची सर ओसरता ओसरता एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी दारात येऊन उभी राहिली. छत्री असून निम्मी भिजलेली. कारण छत्री तिने स्वतःवर न धरता हातातल्या वहीवर धरली होती.

"सर, मला हे सगळं वाजवता येतं," वही पुढे करून ती म्हणाली, "पण रडता येत नाही. ते शिकवाल का?"

वीस-बावीस वर्षे शिकवतो आहे, पण अशी मागणी घेऊन कोणी आले नव्हते. वही उघडून पाहिली तर पाश्चात्त्य नोटेशनचे एक पान. शोपाँ या पोलिश रचनाकाराचा ई मायनरमधला प्रेल्यूड. मुलगी लष्करातल्या एका जुन्या घराण्यातली. घरी विजेवर चालणारा पियानो आहे, आणि त्यावर ती पडद्यावरून एका दूरच्या शिक्षिकेकडे शिकते. एका परदेशी संस्थेची परीक्षाही दिली होती. परीक्षकांनी शेरा दिला, तो थोडक्यात असा, की स्वर बिनचूक आहेत, भाव नाही.

मी म्हटले, "बाळ, मी पेटीवाला. पियानोला मी जन्मात हात लावलेला नाही. तू चुकीच्या दारात आलीस."

"आजीनं पाठवलंय," ती म्हणाली. एवढ्यावर माझे बोलणे खुंटले.

तिची आजी, म्हणजे आईसाहेब, हे आमच्या घराला फार जुने नाते. माझे वडील गवई. संस्थान 1948 साली मध्य भारतात विलीन झाले तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. दरबाराची चाकरी त्यांना चारच वर्षे लाभली, पण गावाने त्यांना जन्मभर दरबारी गवईच म्हटले. मी त्यांना पन्नाशी उलटल्यावर झालेला मुलगा. त्या वाड्यात गणपतीच्या दिवसांत त्यांचे गाणे होई आणि मी मागे बसून तंबोरा छेडत असे. दुसऱ्या दिवशी मी वाड्यावर गेलो आणि आईसाहेबांना माझी अडचण सांगितली. त्या म्हणाल्या, "मास्तर, पियानो तिला तिची बाई शिकवते. तुम्ही तिला गाणं शिकवा. तुमच्या वडिलांची आसावरी ऐकून ह्यांच्यासारखा माणूस उठून अंगणात जाऊन उभा राही. ते काय पियानोवाल्याकडून शिकले होते?"

आता यातली गंमत अशी, की याच वडिलांनी माझ्याशी दोन वर्षे धड बोलणे टाकले होते, ते मी गळा सोडून पेटी धरली म्हणून. पेटीविषयी त्यांचे मत साफ होते. पेटीला मींड नाही. दरबारीचा गंधार, भैरवाचा धैवत हे झुलणारे स्वर; ते एका ठोकळ्याखाली कसे मावतील? पेटीचा धैवत म्हणजे खुंटीला बांधलेला. ऐकणाऱ्याच्या काळजापर्यंत तो जाणार कसा? रेडिओने 1940 साली हार्मोनियमला दारे बंद केली आणि ती 1971 सालापर्यंत धड उघडली नाहीत, हे वडील मोठ्या समाधानाने सांगत. रवींद्रनाथ ठाकुरांनाही पेटी नको होती, हेही त्यांना पाठ होते. त्यांच्या या न्यायालयात एकच माणूस निर्दोष सुटलेला होता, तो म्हणजे भैया गणपतराव.

वाचकांपैकी जुन्या मंडळींना हे नाव सांगायला नको. जयाजीराव महाराज आणि गायिका चंद्रभागाबाई यांचे हे पुत्र. राजवाड्यात जन्मले आणि रमले पेटीत आणि ठुमरीत. मौजुद्दीन खाँ आणि गौहरजान यांच्यासारख्यांनी ज्यांच्याकडून ठुमरी घेतली ते हे भैयासाहेब. 1920 साली वारले. युरोपातून आलेल्या आणि कलकत्त्यात हातपेटीचे रूप घेतलेल्या या वाद्यावर ठुमरीचे बोल उमटविणारा पहिला मोठा माणूस आमच्या ग्वाल्हेरचा निघावा, ज्या गावात हद्दू-हस्सू खाँच्या ख्यालापुढे दुसरे काही बोलायची सोय नव्हती, याचे मला लहानपणापासून नवल वाटत आले आहे. वडील म्हणत, "भैयासाहेबांची गोष्ट वेगळी. ते पेटी वाजवीत नसत, पेटीत गात असत." हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले, त्याचा अर्थ मात्र मला या मुलीमुळे शोधावा लागला.

प्रथम मी ते पान आपल्या भाषेत आणले. ई हा षड्ज मानला, की उजव्या हाताची सुरावट अशी निघते: खालचा पंचम, लगेच वरचा पंचम, आणि मग पंचम, कोमल धैवत, पंचम, कोमल धैवत, पंचम, कोमल धैवत. बस्स! तीन वेळा तेच. पुढे पंचमावरून तीव्र मध्यमाला स्पर्श करून शुद्ध मध्यमावर उतरणे आणि तिथे पुन्हा तसेच घुटमळणे. वाटेत एखादा शुद्ध गंधार परका म्हणून येतो. बाकी कोमल गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद आणि शुद्ध रिषभ. म्हणजे थाट आसावरीचा. ध्रुपदियांची आसावरी कोमल रिषभाची, आमच्या ग्वाल्हेरची शुद्ध रिषभाची; तेव्हा शोपाँसाहेब आमच्याच घराण्याचे निघाले म्हणायचे! हा विनोद मी त्या मुलीला सांगितला, पण ती हसली नाही. तिने पेन्सिलीने वहीच्या कोपऱ्यात 'आसावरी' असे लिहून घेतले.

मग मी तिला वाजवायला सांगितले नाही. गायला सांगितले. ती कासावीस झाली. गळा तिने कधी उघडलेला नव्हता. मी म्हटले, सुरेल नको, नुसते पंचमावर थांब आणि धैवताला जाऊन ये. आठ दिवस हेच. नवव्या दिवशी तिच्या एक गोष्ट ध्यानात आली आणि ती तिने आपणहून सांगितली, की गाताना जोर धैवतावर जातो आणि पंचमावर परत येताना आवाज आपोआप हलका होतो. उसाशासारखा. पियानोवर मात्र तिची दोन्ही बोटे सारख्याच जोराने पडत होती. परीक्षकांना जे मिळाले नाही ते अर्धे इथेच होते.

शोपाँने आपल्या शिष्यांना हेच सांगितले होते, हे मी पुढे वाचले तेव्हा मला बरे वाटले. चांगले गायक ऐका, पियानोवर हात चालवायचा तर गाणे शिका, असा त्याचा आग्रह असे. इटालियन ऑपेरातल्या गायकीचा तो मोठा चाहता होता. आणखी एक गोष्ट त्याचे शिष्य सांगून गेले आहेत: डावा हात लय धरून ठेवील, उजव्याने मोकळे असावे. म्हणजे काय, तर डावा हात तबलजी आणि उजवा ठुमरी गाणारा. तबल्याने ठेका सोडायचा नाही. गाणाऱ्याने शब्दाला लाडाने मागे ठेवायचे, जरा घाईने पुढे न्यायचे आणि समेला मुकाट्याने घरी यायचे. हे त्या मुलीला पियानोच्या भाषेत सांगून उमगले नव्हते. तबल्यावर एका विद्यार्थ्याला विलंबित ठेका धरायला लावून तिला वर गायला लावले, तेव्हा पाच मिनिटांत उमगले.

पण डाव्या हाताचे काम नुसत्या ठेक्याचे नाही, आणि इथे माझी परीक्षा सुरू झाली. या रचनेत डावा हात प्रत्येक बारमध्ये आठ वेळा तीन-तीन स्वर एकदम दाबतो. टोलच म्हणा ना! माझी हातपेटी इथे निरुपयोगी, कारण तिचा डावा हात भात्याला बांधलेला. तेव्हा कोपऱ्यातली पायपेटी पुसून काढली. नाटक कंपन्यांच्या जमान्यातले ते वाद्य. पायाने भाता चालतो, दोन्ही हात मोकळे. रात्री शिकवण्या आटोपल्यावर दार लावून मी एकेक टोल दाबून पाहू लागलो. पहिला टोल सरळ: कोमल गंधार, पंचम, षड्ज. मग त्यातला बहुधा एकेकच स्वर अर्ध्या पायरीने खाली सरकतो. आधी हा, मग तो, मग तिसरा. वर पंचम जागचा हलत नाही.

तिसऱ्या की चौथ्या रात्री मी भाता थांबवून तसाच बसून राहिलो. आपल्याकडे षड्ज अचल. तंबोरा तो धरून ठेवतो आणि स्वर त्याच्याभोवती झुलतो, आंदोलतो, रडतो. या माणसाच्या हाती असलेला स्वर खुंटीला बांधलेला होता, माझ्या पेटीसारखाच. त्याला मींड नव्हती. तेव्हा त्याने स्वराला जागीच ठेवले आणि त्याच्याखालची जमीन सरकविली. पंचम तोच, पण पहिल्या वेळी तो घरात उभा आहे, दुसऱ्या वेळी ओसरीवर, तिसऱ्या वेळी पायांखाली काही उरलेले नाही. वडिलांचा आक्षेप मी पंचवीस वर्षे ऐकून घेत आलो होतो. त्याला उत्तर असू शकते, हे मला त्या रात्री पहिल्यांदा वाटले. आणि सांगायचे तर ज्यांना सांगावे ते वडील जाऊन बारा वर्षे झालेली.

असो. शोपाँविषयीही थोडे सांगितले पाहिजे. जन्म 1810 सालचा, पोलंडातला. विशीत देश सुटला तो पुन्हा दिसला नाही. 1838-39चा हिवाळा त्याने लेखिका जॉर्ज सांद आणि तिची दोन मुले यांच्यासह स्पेनच्या मायोर्का बेटावर, व्हालदेमोसा इथल्या एका रिकाम्या मठात काढला. प्रकृती खालावलेली, खोकला, पाऊस. पॅरिसहून मागविलेला पियानो पोचेपर्यंत जानेवारी उजाडला. याच बेटावर त्याने चोवीस प्रेल्यूड पुरे केले आणि 1839 साली ते छापले गेले. आपला हा चौथा; अवघ्या पंचवीस बारांचा, दोन-अडीच मिनिटांत आटपणारा. शोपाँ 1849 साली ऑक्टोबरच्या 17 तारखेला पॅरिसमध्ये वारला. 30 तारखेला मादलेन चर्चमध्ये अंत्यविधी झाला, त्यात मोझार्टचे रेक्विएम गाइले गेले, आणि हाच चौथा प्रेल्यूड व त्याच्या जोडीला सहावा, असे दोन वाजविण्यात आले. ते वाजविले गेले ऑर्गनवर. म्हणजे पियानोच्या या रचनेने आपल्या कर्त्याला निरोप दिला तो वाऱ्यावर वाजणाऱ्या वाद्यातून! हे वाचले त्या दिवसापासून पायपेटीवर ती वाजविताना मला चोरटेपणा वाटेनासा झाला.

तरीही पेटी ती पेटी आणि पियानो तो पियानो. पेटीचा स्वर दाबल्यावरही आपल्या हाती असतो. भाता हळू केला की तो मावळतो, जोर दिला की फुलतो. पियानोचा स्वर हातोडी तारेवर पडली की आपला राहत नाही. त्या क्षणापासून तो विझतच जातो. म्हणून पियानोवाल्याला पुढचा स्वर मागच्याच्या विझत्या आवाजाला जुळवून ठेवावा लागतो. मोठा ठेवला तर धागा तुटतो. तिच्या विजेच्या पियानोत तारा नाहीत, पण स्वर विझण्याची नक्कल आहे आणि पट्ट्यांना वजन आहे, तेवढे पुरले. वाड्यात खरा उभा पियानोही आहे म्हणा. तारा गंजल्या, निम्म्या पट्ट्या बसल्या, आणि सध्या तो घरच्या फोटोंचे टेबल म्हणून चाकरी करतो.

मी वाड्यावर जाऊन तिच्याच पियानोवर शिकलो. होय, शिकलोच, आधी मी दाखवायचे आणि मग तिने, असे नव्हे. बोटाने ठोकू नये, खांद्यापासूनचे वजन हळूच पट्टीवर सोडावे, हे तिने मला सांगितले. डाव्या हाताचे टोल हलके काढायचे तर बोटे पट्टीवरून उचलूच नयेत. पट्टी पुरती वर येण्याआधीच पुन्हा दाबावी. पियानोत ही सोय फ्रान्समधल्या एरारने 1821 साली केली, ही माहितीही तिचीच. पायाखालचा पेडल दर टोल बदलताना सोडून पुन्हा घेतला नाही तर सगळ्याचा चिखल होतो. तो मी पंधरा दिवस केला. मी तिला एवढेच सांगत गेलो: डाव्या हातात कोणता स्वर सरकला त्याचे नाव घे. नाव घेतल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. ती पुटपुटत वाजवू लागली, "षड्ज गेला... पंचम गेला..." आणि तिच्या हाताचा आवाज बदलला. ज्याचे जाणे आपण पाहिले त्याच्यावर बोट आदळत नाही.

तीन सारखे धैवत तीन तऱ्हांनी घ्यायचे, हे तिला अवघड गेले नाही. ठुमरीत एकच शब्द फिरफिरून का घेतात ते तिने मला विचारले आणि मी तिला तासभर गाऊन दाखविले. अवघड गेला तो मधला भाग. पहिल्या बारा बारांत सुरावट उतरत उतरत रिषभावर येते आणि तिथेच अडते. षड्ज हातभर अंतरावर, पण येत नाही. मग पुन्हा पहिल्यापासून तेच गाऱ्हाणे, आणि सोळाव्या-सतराव्या बारात एकाएकी बांध फुटतो. लय घाईची, आवाज मोठा. सबंध रचनेत शोपाँने मोठ्याने वाजवायला सांगितले ते इथेच. मुलगी इथे थबके. हात आखडे. मी रागावलो, समजावले, पायपेटीवर वाजवून दाखविले. काही उपयोग नाही. एकदा तर मी बोलून गेलो, "इतका हिशेब कशाला ठेवतेस? कोणी गेल्यावर माणूस हिशेबाने रडतो का?"

ती वही मिटून आत निघून गेली.

आईसाहेब दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या, बसल्या आणि सावकाश म्हणाल्या, "मास्तर, परीक्षेचं तिनं तुम्हाला सांगितलं असेल. ते खरं आहे, पण परीक्षा होऊन वर्ष झालं. कार्तिकात ह्यांचं वर्षश्राद्ध. ह्यांच्याकडे या बाजाची तबकडी होती. पोरगी लहान असताना मांडीवर घेऊन ऐकवायचे. गेले त्या दिवशी सगळं घर रडलं. ही नाही रडली. अजून नाही. लोकं म्हणाली, आजकालची मुलं."

मला माझ्या जिभेची लाज वाटली. वडील गेले तेव्हा मीही रडलो नव्हतो. लोक भेटायला येत होते, मी चहाचे पाहत होतो. त्यांचा तंबोरा गवसणीत घालून ठेवला तो अजून गवसणीतच आहे. खोलीतला वाजता तंबोरा माझा, त्यांचा नव्हे. हे मी कोणाला सांगत नाही. त्या दिवशी मात्र आत जाऊन तिला सांगितले. एवढेच म्हटले, की सोळावा बार तुला येत नाही आणि मलाही येत नाही. आपण दोघे मिळून पाहू. मोठ्याने वाजवायचे ते रागाने वाजवून पाहा. तो राग कोणावर, ते मला सांगू नकोस.

दसरा गेला, दिवाळी गेली. राग आधी फार आला, मग बेताला आला. त्यानंतरचे उतरणे तिला आपोआप साधले. एकविसाव्या बारात सुरावट शेवटी षड्जावर येते, पण डावा हात तिथेही दगा देतो. षड्जाखाली भलताच टोल वाजतो आणि घरी येऊनही घर मिळत नाही. दोन बार अगदी हलके, विझत जाणारे. मग तेविसाव्या बाराला एक चमत्कारिक, न सुटलेला टोल, आणि त्यावर विराम. किती वेळाचा, ते लिहिलेले नाही, वाजविणाऱ्याने ठरवायचे. त्यानंतर खालच्या सुरांत तीन टोल, अतिशय हळू, आणि शेवट. आम्ही त्या विरामावर चार दिवस घालविले. मी म्हणे, तंबोऱ्याची एक फेरी मोजून थांब. ती म्हणे, मोजलं की कळतं, सर. बरोबर होते तिचे.

वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी घरचीच दहा-पंधरा माणसे होती. बाहेरचा मी एकटा. सतरंजीवर सगळे बसले होते, उभ्या पियानोवरच्या फोटोला हार होता. तिने वाजवायला घेतले. पहिला पंचम मला माझ्याच छातीत लागला. सोळाव्या बाराशी तिचे खांदे हलले, पण हात थांबले नाहीत. नंतर ती उतरली, षड्जावर आली, तो न सुटलेला टोल दाबला आणि हात मांडीवर ठेवून बसली.

खोली अगदी गप्प होती. एक क्षण, दोन क्षण, तीन. कोणीतरी नाक ओढले. आईसाहेबांना वाटले झाले. त्या अर्धवट उठत म्हणाल्या, "संपलं का गं?"

तिने मान हलविली. डोळ्यांतून पाणी वाहत होते ते पुसले नाही. हात उचलून शेवटचे तीन टोल दिले.

मला वाटले, आईसाहेबांना बोलल्याबद्दल वाईट वाटले असेल. त्यांनी पदराने चष्मा पुसला, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "तुमच्या वडिलांना पेटी आवडत नसे, नाही का मास्तर?"

"नसे," मी म्हटले.

"हं," म्हणून त्या जरा वेळ बसल्या. मग नातीकडे वळून म्हणाल्या, "पुन्हा एकदा वाजव. मी आता मध्ये बोलायची नाही."